बेसन कधी फुटते काय?

रुपराव कोहळे हा आमच्या मिलमधला झाडलोटीचा माणूस. उमरेडच्या बाजूच्या खेड्यातला. चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटक, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की कुणीतरी आत्ताच पत्ता विचारला आहे आणि तो आठवत नाही. त्याला काम सांगितलं की तो आधी कारण विचारायचा. उर्मटपणे नाही, त्याला खरंच समजून घ्यायचं असे. आणि आमच्यापैकी कुणाकडेच कधी कारण नसे, हा त्याचा दोष मानून आम्ही त्याला बावळट ठरवून टाकलं होतं.

मी मुकुंद. त्या मिलमध्ये कारकून होतो. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलं, असं माझे वडील दर चार दिवसांनी सांगत. त्या घराण्याचा वारस लकडगंजच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये बसून मजुरांची हजेरी भरत होता. मिल भैय्याजींची. हरभरा यायचा, भरडला की डाळ व्हायची, डाळ दळली की बेसन. आणि या सगळ्यात जे हवेत उडायचं आणि जागा मिळेल तिथं जाऊन बसायचं, ते रुपरावचं.

खालची फरशी तो रोज झाडायचा. वर, छपराचे पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवर जी धूळ बसायची ती मात्र वर्षातून एकदाच निघायची, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी यंत्रांची पूजा असे, म्हणून. तोवर ती बोटभर जाड होत असे, पिवळी, मऊ, मधूनमधून उंदरांची पावलं उमटलेली.

"बाबू," रुपरावनं मला एकदा विचारलं, "खालचं रोज झाडाचं अन् वरचं सालातून एक डाव. असं काहून?"

"वरचं दिसत नाही म्हणून," मी म्हणालो.

आसपासचे हसले. मला माझ्या उत्तराचा अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना हात जड होतो.

ही गोष्ट एकोणसत्तर सालची. त्या वर्षी दिवाळीच्या बेसनाची मागणी एवढी आली की अष्टमीला मिल बंद ठेवणं भैय्याजींच्या जिवावर आलं. मला बोलावून म्हणाले, "मुकुंद, अष्टमीले चालू ठेवू. नवमीले सकाळी झाडून घ्या, लगेच पूजा, अन् मुहूर्त झाला का चक्की सुरू. बसव काहीतरी." बसवणं हे माझं काम. मी कागद घेतला आणि सुबक अक्षरात लिहिलं: सकाळी सात ते नऊ, वरची सफाई. नऊ वाजता पूजा. साडेनऊला काम सुरू. खाली सही केली आणि कागद माझ्या खोलीच्या भिंतीला डकवला. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळेच म्हणत.

नवमीला सकाळी रुपराव बांबूला फडा बांधून वर चढला. पावणेनऊला मी खालून ओरडलो, "आटप, अजून तीन कैच्या राहिल्यात!" तो वरून म्हणाला, "धूळ बसू द्या ना बाबू थोडी. पूजा होऊन जाऊ द्या, मंग झाडतो." मी म्हणालो, "पूजेनंतर चक्की सुरू होते. आता झाड." तो झाडू लागला. खाली पिवळं धुकं झालं होतं. समोरच्या माणसाचं तोंड दिसेना, नुसता आवाज यायचा.

दरवर्षी आरती भैय्याजी करत. त्या दिवशी त्यांना शिंका सुरू झाल्या. आरतीत शिंक म्हणजे अपशकुन. त्यांनी कापराचं ताट बाबारावांच्या हाती दिलं आणि रुमाल नाकाला लावून बाहेर आले. बाबाराव म्हणजे मिलमधला सर्वांत जुना माणूस, चक्कीवाला. वीस वर्षं त्या एकाच चक्कीपाशी उभा राहिलेला. पहिल्यांदाच मान मिळाला म्हणून म्हातारा हरखला होता. दोन हमाल घंटा घेऊन त्याच्या मागे उभे राहिले. बाकीचे आम्ही धुळीला कंटाळून अंगणात. वाऱ्यानं कापूर पेटेना म्हणून बाबारावच आतून ओरडले, "दार लोटा रे!" दारं लोटली गेली. रुपराव शेवटचा फडा मारून उतरून मागच्या दारानं बाहेर पडला होता आणि हौदावर हातपाय धूत होता. अंगाला धूळ असताना पूजेला कसं उभं राहायचं, म्हणून.

घंटा वाजली. मग एक आवाज आला, मोठा नव्हे, कुणी ओली चादर झटकावी तसा. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात दुसरा आवाज झाला.

त्या दुसऱ्या आवाजाबद्दल मी काय लिहू? छपराचे पत्रे वर गेले, हे मी पाहिलं. दारं अंगणात येऊन पडली. मी खाली बसलो होतो, कसा बसलो ते ठाऊक नाही. कानात नुसती शिट्टी. भैय्याजी तोंड उघडून काहीतरी ओरडत होते आणि ते मला ऐकू येत नव्हतं. आतून दोन्ही हमाल धडपडत आले, केस जळालेले. बाबारावांना रुपरावनं बाहेर आणलं. हौदापासून तो सरळ आत शिरला होता.

हमाल वाचले. बाबारावांनी तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात प्राण सोडला.

आता प्रश्न असा की फुटलं काय? आमच्या मिलमध्ये बॉयलर नव्हता. विजेची मोटर धड होती, तिचा खटका सकाळपासून बंद. रॉकेलचा डबा नव्हता. शेजारच्या लाकडाच्या वखारीतले लोक म्हणाले बम पडला. कुणी म्हणालं पाकिस्तानचा. कुणी म्हणालं नवमीला देवीचा कोप. एकानं हमालांना विचारलं, ते म्हणाले, "ताटातून जाळ वर गेला." लोकांनी मान हलवली: बिचाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. ठाणेदार आला, त्यानं राखेत काठी फिरवली आणि विचारलं, "इथं काय काय होतं?"

"बेसन," भैय्याजी म्हणाले.

"अन् दुसरं?"

"डाळ."

ठाणेदार त्यांच्याकडे बघत राहिला. भैय्याजी चिडले. "साहेब, तीन पिढ्या आम्ही बेसन दळून राहिलो. बेसन कधी फुटते काय?"

ते खरंच वाटत होतं. माझी बायको प्रेमलता चुलीपुढं बसून परातभर बेसन भाजते, लाडू वळते. आजवर एकही लाडू फुटला नव्हता.

मग आवाज दोन, म्हणजे बम दोन, असा हिशेब निघाला. आणि बम म्हटल्यावर चंद्रभानचं नाव आपोआप आलं. चंद्रभान आमचा फिटर, तिशीतला, तोंडानं फटकळ. भैय्याजींशी त्याची दर आठवड्याला वाजायची. दिवाळीच्या तोंडावर तो सीताबर्डीवर हातगाडी लावून फटाके विकायचा, त्यामुळं घरात दोन खोकी फटाके सापडले. आणि पूजेला तो नव्हता. आदल्या दिवशीच्या भांडणानं रुसून फाटकाबाहेर चहा पीत बसला होता. ठाणेदाराला आणखी काय हवं?

फक्त एक गाठ सुटेना. बाबाराव हा चंद्रभानचा सख्खा काका. चंद्रभान पाच वर्षांचा असताना त्याचे आईबाप गेले, आणि बाबाराव-मनकर्णाबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला, कारण त्यांना मूल नव्हतं. असा माणूस काकाला का मारेल? ठाणेदाराकडे त्याचंही उत्तर होतं. बम काकासाठी नव्हताच. दरवर्षी आरती मालक करतात. या वर्षी ऐनवेळी ताट दुसऱ्याच्या हाती गेलं. हे ऐकून भैय्याजींचा चेहरा पांढरा पडला. ते ढोंग करत नव्हते. कुणीतरी आपल्या जिवावर उठलं होतं असं त्यांना मनापासून वाटू लागलं, आणि ते रात्रंदिवस दार लावून बसू लागले.

चंद्रभानला नेलं. काकाला अग्नी द्यायला त्याला सोडलं नाही. एका दूरच्या भाच्यानं दिला. मनकर्णाबाई कुणाशी बोलेनात. चंद्रभानची बायको गोपिका माझ्या घरी आली आणि ओसरीच्या खांबाला धरून म्हणाली, "भाऊ, अग्नी गेला तं गेला. दहाव्याचं पिंडदान तरी यायच्या हातून झालं पायजे. नाही तं काकू जन्मात माह्या घरात पाणी प्यायच्या नाही." मी म्हणालो, बघतो. कारकुनानं बघतो म्हटलं की त्याचा अर्थ काय असतो, हे ती जाणून होती. ती उठून गेली.

बाबाराव गेल्याच्या सहाव्या दिवशी दुपारी रुपराव माझ्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"बाबू, तुमी दंडार पाह्यली काय कधी?"

दंडार म्हणजे खेड्यातलं सोंगाचं नाटक, पिकं घरी आली की होणारं. मला वाटलं याचंही डोकं फिरलं. मी त्याला पाणी दिलं.

"लग्नाआंधी मी गावच्या दंडारीत टेंभा धरत होतो. राक्षस आला का मी टेंभ्यावर राळेची भुकटी फेको. भक्कन जाळ होये, झाडाएवढा. बाया पोट्टे घेऊन पयत."

"मग?"

"राळेची पिशी एक डाव टेंभ्याच्या निखाऱ्यात पडली होती. मले वाटलं आता गाव जयते. काईच नाई झालं. पिशी तेवढी काळी झाली, अन् राळ पघळून चिकट गोळा झाली." त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "पडून असली तं काई नाई करत, बाबू. उधळली का पेटते. तीन दिसापासून माह्या डोक्यात हेच फिरून राहिलं. बेसन बी असंच करते काय?"

मी हसलो. आणि मग मला ते पिवळं धुकं आठवलं, आणि हसू तोंडातच राहिलं.

आम्ही परसात गेलो. प्रेमलतेला न विचारता मी बेसनाचा डबा आणला. रुपरावनं काठीला चिंधी गुंडाळून टेंभा केला. मूठभर बेसन निखाऱ्यावर टाकलं, करपलं. मूठ टेंभ्यावर फेकली, तर टेंभाच विझला. "बघ," मी म्हणालो, आणि मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. रुपरावनं पीठ बोटात चोळून पाहिलं. "दमट आहे. मिलचं कोरडं राहते." एवढ्यात प्रेमलता बाहेर आली. आम्हा दोघांना बघून तिनं कपाळाला हात लावला, पण काय चाललंय ते कळल्यावर तिनंच बेसन तव्यावर कोरडं भाजलं, तलम फडक्यातून चाळलं आणि सुपात दिलं. "उभे जळा आता दोघं," म्हणाली.

रुपरावनं सूप हलकेच वर झटकलं.

भक्कन जाळ झाला. शेवग्याच्या खालच्या फांद्यांपर्यंत गेला आणि क्षणात नाहीसा झाला. माझी डावी भुवई जळल्याचा वास आला. प्रेमलता किंचाळली नाही. खाली बसली आणि रिकाम्या सुपाकडे बघू लागली. पंधरा वर्षं ज्याचे लाडू वळले ते हे!

"म्हणजे चंद्रभाननं काही केलं नाही," ती म्हणाली.

"नाई केलं," रुपराव म्हणाला.

मी मात्र पुढचं बघत होतो. पुढचं बघायला मला नको होतं, पण ते दिसत होतं. उधळल्यावर पेटतं, मग उधळलं कोणी? रुपरावनं. ताट कुणी दिलं? भैय्याजींनी. दार लोटायला कुणी सांगितलं? जो गेला त्यानंच. आणि झाडणं आणि आरती लागोपाठ कुणी बसवली, धूळ बसू द्या म्हणणाऱ्यावर कोण खेकसलं? सगळ्यांनी काही ना काही केलं होतं. ज्यानं काहीच केलं नव्हतं, तो एकटा कोठडीत होता.

"रुपराव," मी आवाज खाली आणून म्हणालो, "हे सांगितलंस तर काय होईल, कळतंय ना? लोक म्हणतील बाबारावाला रुपरावनं मारलं."

"तं मीनं मारलं काय?" त्यानं विचारलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हणालो, नाही. त्यानं मान डोलवली आणि लगेच म्हणाला, "पण मले तं माहीत होतं ना, राळ कशी पेटते."

"चंद्रभान काय, पुरावा नाही म्हणून सुटेलच आपोआप. थांब थोडा."

"दहाव्याच्या आंधी सुटन?"

मी म्हणालो, बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलवर गेलो आणि भिंतीवरचा माझा कागद काढून घडी करून खिशात घातला. माझ्या खोलीला आच लागली नव्हती. कागद जसाच्या तसा करकरीत होता.

आठव्या दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. पुण्याकडचे असावेत, भाषेवरून. चष्मा, पातळ आवाज, हातात वही. अंगणात खुर्च्या टाकल्या. भैय्याजी, ठाणेदार, मी. इन्स्पेक्टरांनी विचारलं, "स्फोटाआधी आत हवा कशी होती? स्वच्छ, की धूळ होती?"

भैय्याजी म्हणाले, "मिलमध्ये धूळ राहतेच, साहेब."

तेव्हा रुपराव पुढे आला. त्यानं टेंभा आणि सूप आणलेलंच होतं. "साहेब, एक दाखवतो," म्हणाला. ठाणेदार हसला. रुपरावनं सूप झटकलं आणि वाऱ्यानं सगळं बेसन उडून ठाणेदाराच्या गणवेशावर गेलं. काहीही पेटलं नाही. "वा!" ठाणेदार कपडे झटकत म्हणाला, "आता भजे तळा." रुपराव गोंधळून हातातल्या सुपाकडे बघत उभा राहिला. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

इन्स्पेक्टर मात्र उठले होते. "भिंतीच्या आडोशाला या," ते म्हणाले. "परत करा. थोडं उंच."

या वेळी जाळ झाला. ठाणेदार दोन पावलं मागं गेला आणि खुर्चीवर आपटला. भैय्याजींच्या तोंडातून "अरे बाप्पा!" एवढंच निघालं.

इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले, हमालांनी दवाखान्यात सांगितलं ते खरं होतं. पहिला भडका ताटातल्या कापरानं झाला, लहान. त्याच्या हादऱ्यानं वर राहिलेली सगळी धूळ खाली आली आणि ती पेटली, तो दुसरा. दारं बंद, म्हणून छप्पर गेलं. पीठ असो, साखर असो, कोळशाची भुकटी असो, बारीक कोरडी धूळ हवेत दाट झाली आणि ठिणगी मिळाली की असंच होतं. मग त्यांनी वही उघडली. "झाडत कोण होतं?"

"मी," रुपराव म्हणाला.

"पूजेच्याच वेळेला? कुणी सांगितलं होतं?"

खिशातला कागद मला मांडीला टोचत होता. रुपरावनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावलं.

"कोनी नाई, साहेब. मले उशीर झाला होता. मीच झाडत राहिलो."

इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं. रुपराव तिथंच घुटमळला. "साहेब, एक इचारू काय? हे झाडलं म्हनून झालं, का झाडलं नाई म्हनून झालं?"

"दोन्ही," ते म्हणाले. "वर्षभर झाडलं नाही म्हणून साचलं. त्या दिवशी कोरडं झाडलं म्हणून उडालं."

रुपरावनं मान डोलवली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. हा प्रश्न त्यानं पुढं मला निदान पन्नास वेळा विचारला असेल. मिल नव्यानं उभी राहिली, इन्स्पेक्टरांच्या हुकमानं वरच्या कैच्या दर शनिवारी चक्की थांबवून ओल्या पोत्यानं पुसल्या जाऊ लागल्या, आरती फाटकाबाहेर होऊ लागली. ते पुसण्याचं काम रुपरावनंच अकरा वर्षं केलं. वर कैचीवर पोतं पिळत बसलेला असायचा, आणि मी खालून गेलो की हटकून विचारायचा, "बाबू, दोन्ही म्हंजे कसं?" मला कधीच सांगता आलं नाही.

पण मी फार पुढं पळालो. चंद्रभान नवव्या दिवशी संध्याकाळी सुटला. दहाव्याला त्याच्याच हातून पिंडदान झालं. खटला कुणावरच झाला नाही. अपघात म्हणून कागद मिटले. पण लोकांची तोंडं कोण मिटणार? वस्तीत एकच बोलणं: रुपरावनं धूळ उडवली आणि म्हातारा गेला. दुकानदार त्याला सामान द्यायचा, पण बोलायचा नाही.

तेरवीला आम्हा मिलवाल्यांना निरोप होता. रुपरावला होता की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं, खुद्द त्यालाही. तो आला आणि फाटकाशी उभा राहिला, आत येईना, परतही जाईना. पंगत बसत होती. सगळे पत्रावळीकडे बघू लागले. शेवटी डोकं भादरलेला चंद्रभान उठला, त्याच्यापाशी गेला. चंद्रभाननं त्याचं मनगट धरलं आणि आणून माझ्या शेजारी बसवलं.

गोपिका वाढत होती. वरण, भात, वडे, बेसनाची पातोडी. रुपराव पातोडीकडे बघत बसला. मनकर्णाबाई आतल्या दाराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून होत्या, डोक्यावरून पदर. तेरा दिवस त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली.

"रुपराव."

"जी, काकू."

"हे दरसाल घरी येऊन सांगत, आज झाडझूड झाली, उद्या पूजा. एक दिस आधी. औंदा काहून नाई गा?"

"मले उशीर झाला, काकू."

"मंग तू पूजेच्या वक्ती वर काहून होतास? कोनं चढवलं तुले?"

"कोनी नाई. मीच चढलो."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो खोटं बोलत होता आणि ते साऱ्या पंगतीला दिसत होतं, कारण रुपरावला खोटं बोलता येत नसे; त्याचे कान लाल व्हायचे. त्या म्हाताऱ्या बाईला बाकी काही नको होतं. नवरा कशानं गेला एवढंच तिला समजायचं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस वरणभात कालवत बसला होता. मला माझी इतकी किळस आली की घास हातातच राहिला.

"मी चढवलं," मी म्हणालो.

माझा आवाज फार मोठा आला. पंगत थांबली.

"झाडणं आणि पूजा एकाच सकाळी मीच लावली. कागद मी लिहिला. हा म्हणाला होता, धूळ बसू द्या. मी ऐकलं नाही." मी खिशातून कागद काढला आणि कुणाला द्यावा ते न कळून हातात धरून बसलो. चंद्रभान उठायला लागला. त्याचा जबडा मी पाहिला आणि मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

"बस गा, चंद्रभान," मनकर्णाबाई म्हणाल्या.

तो बसला. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं, जसं कुणी अनोळखी माणसाला बघतं. मग पदर सारखा केला आणि सुनेला म्हणाल्या, "गोपिका, बाबूच्या पानात पातोडी नाई दिसत वं. वाढ त्यायले."

गोपिकेनं वाढली. रुपराव जेवायला लागला. मग मलाही जेवावं लागलं.